परदेशात कंपनी: 'शून्य कर, शून्य कटकट' म्हणणाऱ्यांसाठी

खतावणी
'प्रत्येक फ्रीलान्सरने अमेरिकेत एलएलसी काढावी. वीस मिनिटांत नोंदणी, कर शून्य, पुन्हा ढुंकून बघायला नको' अशी एक पोस्ट फिरतेय आणि खाली लोक लिंक मागताहेत. (एलएलसी म्हणजे तिथली मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी.) म्हणून सविस्तर लिहितेय.

नोंदणी सोपी आहे, वाद नाही. पण एकच परदेशी मालक असलेल्या एलएलसीला २०१७ पासून दरवर्षी अमेरिकेच्या करखात्याकडे फॉर्म ५४७२ (मालक आणि कंपनीतल्या व्यवहारांची माहिती) आणि त्याच्यासोबत जवळजवळ कोरा फॉर्म ११२० (कंपनीचं करविवरण) भरावा लागतो. कर शून्य असला तरी. चुकलं की दंड २५,००० डॉलर. 'आमचा व्यवहारच झाला नाही' हे बहुतेकांना म्हणता येत नाही, कारण नोंदणीची फी मालकाने खिशातून भरली तर तोही मालक आणि कंपनीतला व्यवहारच. मुदत १५ एप्रिल. वाढवून हवी तर त्याआधी फॉर्म ७००४ भरायचा. ११२० च्या माथ्यावर 'फॉरेन-ओन्ड यूएस डीई' (परदेशी मालकाची, करासाठी मालकापासून वेगळी न धरलेली कंपनी) असं लिहून टपालाने किंवा फॅक्सने पाठवायचा. फॅक्सची पोच जपून ठेवा, उद्या दाखवायला तीच असते.

दुसरं, 'कर शून्य' हे अमेरिकेपुरतं. कंपनी कुठे नोंदली यापेक्षा तिचे निर्णय कुठे बसून घेतले जातात, हे अनेक देश बघतात. तुम्ही घरी बसून करार करता, बिलं काढता, पैसे हलवता. मग नफ्यावर तुमच्या देशाचा कर लागणारच.

सॉफ्टवेअरवाला
उगाच लोकांना घाबरवू नका. अमेरिकेत ऑफिस नाही, माणूस नाही, काम सगळं बाहेर बसून होतं, तर सेवेचं ते उत्पन्न अमेरिकेतलं धरत नाहीत. त्यामुळे तिथे कर लागत नाही, यात खोटं काय? वायोमिंग राज्यात एलएलसीचा वार्षिक खर्च किमान ६० डॉलर, डेलावेअर राज्यात ३००, तोही १ जूनपर्यंत. वर रजिस्टर्ड एजंटची, म्हणजे त्या राज्यात कंपनीची सरकारी पत्रं घेणाऱ्याची फी. ५४७२ काही डोंगर नाही. आणि ज्याच्या देशात चांगला पेमेंट गेटवेच मिळत नाही, त्याने काय करायचं? गिऱ्हाईक कार्डाने पैसे द्यायला तयार आहे, घेणाऱ्याकडे सोय नाही. एलएलसी त्यासाठी असते, कर चुकवायला नाही.

तिसरी_पावती
गेटवेचा मुद्दा बरोबर आहे, पण मग पोस्टमध्ये तेवढंच लिहायचं होतं. आणि कुणी सांगत नाही ती गोष्ट: नवरा-बायको दोघांना मेंबर केलं की एलएलसी भागीदारी धरली जाते. मग भागीदारीचं विवरण, फॉर्म १०६५, मुदत १५ एप्रिल नाही, १५ मार्च, आणि प्रत्येकाच्या वाट्याचा के-१ फॉर्म वेगळा. 'घरातलंच माणूस आहे, घाला नाव' म्हणून घातलेलं नाव हिशेबनीसाचं बिल वाढवतं.

ईआयएनचंही, म्हणजे करखातं कंपनीला देतं त्या नंबरचंही तेच. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर ऑनलाइन अर्ज चालत नाही. एसएस-४ हा त्याचा अर्ज फॅक्सने जातो आणि त्यातल्या ७बी रकान्यात 'फॉरेन' लिहायचं. तो नंबर येईपर्यंत बँक दारात उभं करत नाही. 'वीस मिनिटांत' म्हणणाऱ्याने ही वाट पाहणं मोजलेलं नाही.

मुखत्यार
सगळे अमेरिकेवरच का अडलात? इंग्लंडची लिमिटेड कंपनी तिच्यापेक्षा स्वच्छ. फक्त पत्त्याकडे लक्ष द्या. ४ मार्च २०२४ पासून पोस्ट बॉक्स चालत नाही. पाठवलेलं पत्र कंपनीच्या माणसाच्या हाती पडेल असाच पत्ता लागतो. स्वस्तातला पत्ता घेतात, वर्षाने नूतनीकरण विसरतात, आणि पत्रं परत जायला लागतात. मग कंपनीज हाउस, म्हणजे तिथलं कंपनी नोंदणी कार्यालय, स्वतःच्या डिफॉल्ट पत्त्यावर कंपनी टाकतं आणि योग्य पत्ता द्यायला २८ दिवस देतं. नाही दिला तर नोंदीतून कंपनीचं नाव खोडण्याची कारवाई, म्हणजे कंपनीच संपते.

सॉफ्टवेअरवाला
नाव खोडलं तर खोडू दे. छोट्या माणसाला तेच सोयीचं. कंपनी नको झाली की हिशेब पाठवणं थांबवायचं, ती आपोआप बंद होते. बंद करायलाही फी कशाला भरायची?

मुखत्यार
हा सल्ला कृपया कुणी पाळू नका. मला चीड येते ती याच वाक्याची, कारण ते फार ठिकाणी चिकटवलेलं दिसतं.

नाव खोडलं जाताना कंपनीच्या खात्यात जे पैसे असतील ते मालकाचे होत नाहीत. ते 'बोना व्हेकॅन्शिया', म्हणजे बेवारस मालमत्ता म्हणून राजसत्तेकडे जातात. बँक खातं गोठवते. डोमेन, ट्रेडमार्क कंपनीच्या नावावर असतील तर तेही गेले. आधी गॅझेटमध्ये नोटीस येते आणि किमान दोन महिने मिळतात, पण नोटीस पत्त्यावर जाते आणि पत्ता तर तुम्ही सोडलेला.

सॉफ्टवेअरवाला
कंपनी नोंदीवर परत आणून ते पैसे परत मिळवता येतात ना? सहा वर्षांची मुदत आहे.

मुखत्यार
आहे, पण अटी वाचा. कंपनीज हाउसने स्वतः खोडलेली कंपनीच प्रशासकीय अर्जाने परत येते, तीही खोडताना धंदा चालू असेल तर. मधले सगळे हिशेब आणि विवरणं भरायची. उशिराचा दंड वेगळा: एका महिन्यापर्यंत १५० पौंड, तीनपर्यंत ३७५, सहापर्यंत ७५०, त्यापुढे १,५००. सलग दुसऱ्या वर्षी उशीर झाला तर दुप्पट. आणि तुम्ही स्वतः डीएस०१ (कंपनी बंद करायचा अर्ज) भरून बंद केली असेल तर हा रस्ताच नाही, कोर्टात जावं लागतं. म्हणून डीएस०१ भरण्याआधी तीन महिने व्यवहार थांबवायचे, देणी भागवायची, खातं रिकामं करून बंद करायचं, मग अर्ज.

सॉफ्टवेअरवाला
ठीक आहे, पैसे जातात हा मुद्दा मान्य. पण खातं रिकामं असेल आणि देणी नसतील तर माझं म्हणणं टिकतं.

मुखत्यार
नाही टिकत. संचालक म्हणून तुमचं नाव सार्वजनिक नोंदीत राहतं, आणि हिशेब वेळेत न देणं हा संचालकाचा गुन्हा आहे. पुढच्या कंपनीसाठी खातं उघडायला गेलात की बँक तीच नोंद उघडून बघते.

खतावणी
मूळ मुद्द्यावर येऊ. एस्टोनियाबद्दल व्यक्तिगत निरोपात विचारलंय, इथेच सांगते. तिथली ई-रेसिडेन्सी म्हणजे परदेशी माणसाला मिळणारी डिजिटल ओळख. ती व्हिसा नाही आणि करनिवासही नाही, म्हणजे करासाठी तुम्ही तिथले रहिवासी होत नाही. कार्ड, रीडर, पिन १ ओळखीसाठी, पिन २ सहीसाठी, इतकंच. संचालक मंडळ देशाबाहेर असेल तर तिथला संपर्क-व्यक्ती नेमावाच लागतो. नफा कंपनीतच ठेवला तर कर नाही, वाटला की २०२५ पासून वाटलेल्या रकमेच्या २२/७८ इतका कर, म्हणजे १०० च्या नफ्यातले २२. हे आकर्षक आहे, पण घरी बसून चालवलेली कंपनी तुमच्या देशाने स्वतःची निवासी मानली की हा फायदा उरत नाही.

अमेरिकी एलएलसीतही एक मेख आहे. अमेरिकेला ती मालकापेक्षा वेगळी दिसत नाही, पण दुसऱ्या देशाला वेगळी कंपनी दिसू शकते. मग एकाच उत्पन्नावर दोन्हीकडे कर लागला तरी त्याची वजावट अडते. इंग्लंडमध्ये अ‍ॅन्सन नावाच्या करदात्याला डेलावेअरच्या एलएलसीवरून यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. २०१५ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, पण छोट्या धंद्याला ही लढाई परवडेल का?

सॉफ्टवेअरवाला
बरं. 'शून्य कटकट' हे शब्द चुकीचे, लिहिणाऱ्याने ते काढावेत. पण गिऱ्हाईक परदेशात आहे आणि गेटवे मिळत नाही, त्याला मी अजूनही एलएलसीच सांगेन.

खतावणी
त्याला मीही सांगेन, आणि ५४७२ ची तारीख त्याच दिवशी सांगेन.

नवा_सभासद
माझी एलएलसी तीन वर्षं पडून आहे, एकदाही काही भरलं नाही. आता गुपचूप बंद करू का?

मुखत्यार
गुपचूप नको. राज्यात बंद केल्याने मागची ५४७२ सुटत नाहीत. आधी तिन्ही वर्षांचे फॉर्म भरा, उशीर का झाला याचं खरं आणि कागदांनिशी कारण जोडा. करखात्याची नोटीस येण्याआधी गेलात तर बाजू मांडायला जागा असते. नोटिसीनंतर ९० दिवस उलटले की दर ३० दिवसांना आणखी २५,००० डॉलर. बँकेची स्टेटमेंट आजच उतरवून घ्या, खातं बंद झालं की ती मिळत नाहीत. शेवटच्या ११२० वर 'फायनल रिटर्न'ची खूण करा, मग राज्यात विसर्जन, आणि सर्वात शेवटी ईआयएनचं खातं बंद करायचं पत्र.