दोन फाशांवरची कौशल्य-चाचणी: लक्ष्य आकडा किती धरावा?

मशालजी:
चार खेळाडूंच्या फँटसी रोल-प्लेइंग खेळातल्या (प्रत्येकाने एक पात्र होऊन खेळायच्या) मोहिमेसाठी नियम लिहितो आहे. वीस बाजूंचे फासे सगळ्यांकडे नसतात, लुडोचे मात्र घरोघरी सापडतात. म्हणून दोन साधे फासे टाकायचे, बेरजेत कौशल्य मिळवायचं, लक्ष्य आकडा गाठला की काम जमलं, बस. कौशल्यं सहा: चढणं-उतरणं, लपणं, कुलपं नि सापळे, बोलणी, रानाची जाण, जुनी विद्या. प्रत्येकात 0 ते +3. लक्ष्य आकडा 7 धरू की 8? दोर, अवजारं, सोबत्याची मदत या सगळ्यांचे +1 जोडत गेलं की चाचणीत दमच राहत नाही. शिवाय एकाला कुलूप उघडलं नाही की उरलेले तिघं ओळीने फासे टाकायला बसतात. हे कसं आवरायचं?

कडेकपार:
8 धरा. कौशल्य 0 असेल तर यशाची शक्यता 42 टक्के, +1 ला 58, +2 ला 72, +3 ला 83. म्हणजे न शिकलेला निम्म्याहून जास्त वेळा चुकतो आणि उस्तादावर भरवसा ठेवता येतो. 7 धरलंत तर नवशिक्यालाच 58 टक्के मिळतात, मग कौशल्य घ्यायचं कशाला? अवघड कामाला 10. तिथे 0 वाल्याला 17 टक्के, +3 वाल्याला 58. 12 अगदी क्वचित वापरा, कारण +3 असूनही तिथे 28 टक्केच हाती लागतात. 8 च्या खाली पायरीच ठेवू नका; इतकं सोपं काम फासे न टाकताच झालं म्हणायचं.

आता ते +1. +3 चं कौशल्य, वर दोर, वर मदत, असे +5 झाले की 97 टक्के. म्हणून परिस्थितीचे आकडे मिळवूच नका. फायदा असेल तर तीन फासे टाका आणि मोठे दोन धरा, अडचण असेल तर तीनातले लहान दोन. फायदे कितीही असोत, जादा फासा एकच. फायदा नि अडचण दोन्ही असतील तर फिटंफाट. लक्ष्य 8 असताना फायद्याने नवशिका 42 वरून 68 वर जातो, +3 वाला 83 वरून 95 वर. मदत लागते त्यालाच ती जास्त मिळते, आणि हे फार छान बसतं. अडचणीत नवशिका 19 वर येतो. भिजल्या कड्यावर रात्री चढताना तेवढं व्हायलाच हवं.

चकवा:
ओळीने फासे टाकणं हा आकड्यांचा प्रश्न आहे. एकेकट्याला 30 टक्केच शक्यता असली तरी चौघांनी टाकलं की कुणातरी एकाला जमण्याची शक्यता 76 टक्के होते. लपून जाताना नेमकं उलटं: प्रत्येकी 70 टक्के असूनही चौघंही निसटण्याची शक्यता 24. म्हणून एका कामाला एकच चाचणी. ज्याचा हात चांगला तो टाकतो, दुसरा मदत करून तिसरा फासा देतो. सगळ्यांना मिळून लपायचं असेल तर सगळे टाकतात, पण निम्म्यांना जमलं की टोळी सुटली. चौघांत 70 टक्क्यांनी हे 92 वर जातं.

पुन्हा प्रयत्न हवा असेल तर आधी काहीतरी बदललं पाहिजे: नवं अवजार, नवी वाट, किल्लीचा ठसा. त्यासाठी अपयशाने परिस्थिती पुढे सरकली पाहिजे. ‘कुलूप उघडलं नाही’ एवढ्यावर थांबलात तर खेळाडू पुन्हा फाशांकडेच हात नेणार. बेरीज लक्ष्याला 1 किंवा 2 ने कमी पडली तर काम होऊ द्या, पण किंमत घ्या: कडी वाजली, सळई तुटली, मशाल विझत आली. त्याहून कमी पडली तर अडसर कायम आणि पहारेकरी दाराशी. 0 कौशल्याला यातून 42 टक्के निखळ यश, 31 टक्के किंमत मोजून, 28 टक्के अपयश. किंमत काय ते फासे पडण्याआधी बोलून ठेवा. ती सुचत नसेल तर चाचणीच नको.

घाटवाट:
लांब मोहिमेसाठी एक इशारा. दोन फाशांवर +1 ची किंमत घटत जाते: 8 च्या लक्ष्यावर पहिला +1 जवळजवळ 17 टक्क्यांचा, चौथा जेमतेम 8 चा, पाचवा साडेपाच. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक +1 म्हणजे 5 टक्के. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या त्याच फाशावर चालणाऱ्या रोल-प्लेइंग खेळाच्या 2014 च्या आवृत्तीत प्रावीण्याचा (शिकलेल्या कामात मिळवायचा) आकडा +2 पासून +6 पर्यंत निवांत वाढतो तो त्यामुळेच. तुमच्याकडे तेवढी जागा नाही. +3 वर गाडी थांबवा आणि पुढची वाढ आडवी द्या: नवं कौशल्य, किंवा ‘फक्त बुरुजांवर चढताना तिसरा फासा’ असं खास अंग.

मशालजी:
तिसरा फासा घेतला. आणि पहारेकऱ्याविरुद्ध लपताना? दोघांनीही टाकायचं?

कडेकपार:
नको. दोघांनी टाकलं तर एका प्रसंगात चार फासे आणि दोन बेरजा होतात, बरोबरी झाली तर त्याला वेगळा नियम लागतो. फासे फक्त खेळाडूनेच टाकायचे. पेंगणारा पहारेकरी 8, जागरूक 10, कुत्रं सोबत असलेला 12. पहारेकरी खेळाडूला शोधत आला तरीही खेळाडूच लपण्याचे फासे टाकतो, तुम्ही फक्त आकडा सांगायचा.