बाइकचा ऑइल फिल्टर बदलताना दरवेळी राडा होतो, उपाय सांगा

फाटका_हातमोजा:
ड्रेन प्लग (इंजिनच्या तळाचा, तेल सोडायचा बोल्ट) काढून तेल गळू देतो, थेंब थांबतात, तरी फिल्टरचं झाकण उघडलं की भसकन तेल येतं. इंजिनवरून एक्झॉस्टवर, तिथून फरशीवर. खाली ट्रे असतो, पण तेल ट्रे सोडून सगळीकडे जातं. सोसायटीचं पार्किंग आहे आणि टाइल्स पांढऱ्या. उद्या सकाळी काम करायचंय. "गॅरेजला द्या" सोडून काहीही सांगा.

दहाचा_पाना:
गाडी कोणती? फिल्टर बाहेरून डब्यासारखा फिरवून लागणारा, की झाकणाआड बसणारा कागदी? दोन्हींचा इलाज वेगळा.

किक_मारके:
कसले फिल्टर घेऊन बसलात! स्प्लेंडरला कागदी फिल्टरच नाही. क्लचच्या बाजूला रोटर फिरतो, कचरा त्याच्या भिंतीला चिकटतो, शिवाय एक जाळी. तेल गाळा, प्लग लावा, नवीन ओता, मोकळे.

दहाचा_पाना:
आणि तो रोटर साफ करायचा तर क्लच कव्हर उघडून पॅकिंग बदलावं लागतं, ते कोण सांगणार? असो. धागाकर्ते, गाडी?

पंधरा_पन्नास:
आधी तेल कुठलं टाकता ते बघा. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हे बाइकच्या तेलाचं मानक लिहिलेलं हवं. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात. बाइकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, मग पिकअपला क्लच घसरतो. स्वस्त मिळालं म्हणून कारचं तेल ओतू नका.

फाटका_हातमोजा:
तेलाचा प्रश्नच नाहीये. केटीएम ड्यूक ३९०, २०१५ चं मॉडेल. कागदी फिल्टर, उजवीकडे, दोन बोल्टचं झाकण.

दहाचा_पाना:
हे आधी सांगायचं ना राव. २०१५ म्हणजे एक्झॉस्ट इंजिनच्या पोटाखाली, तेल तिथेच जाणार. गाडी कशावर उभी करता? इंजिन किती गरम असतं?

फाटका_हातमोजा:
पॅडॉक स्टँडवर, म्हणजे मागचं चाक उचलून, सरळ. चक्कर मारून आल्यावर लगेच.

दहाचा_पाना:
दोन्ही चुकतंय. फिल्टरची जागा म्हणजे आडवी वाटी. ड्रेन प्लगमधून संपचं, म्हणजे इंजिनच्या तळाशी साठलेलं, तेल जातं, वाटीतलं काठाखाली अडकून राहतं, वर कागदाच्या घड्यांत धरलेलं वेगळं. एक कटिंग चहाइतकं तेल कुठेही न जाता तिथेच असतं. गाडी सरळ असली की झाकण सुटल्याबरोबर ते बाहेर. आणि लगेच उघडलंत तर तेल पाण्यासारखं पातळ, शिवाय एक्झॉस्ट भाजणारा.

इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, बंद करून वीस मिनिटं थांबा. पॅडॉकवर ड्रेन प्लग काढा, पण वरचं तेल भरायचं झाकण तेव्हा बंदच ठेवा. हवा आत जायला वाट नसली की धार संथ पडते, ट्रे सरकवायला वेळ मिळतो. मग वरचं झाकण उघडा. धार सुरुवातीला लांब पडते आणि जोर कमी होईल तशी जवळ येते. ट्रे तसा मागे घ्या. थेंब थांबले की गाडी साइड स्टँडवर घ्या. गाडी डावीकडे कलते, उजवीकडचं फिल्टरचं तोंड वर होतं, वाटीतलं तेल आतच राहतं. फिल्टर आता काढायचा.

जुनी_चेन:
साइड स्टँडवर तेल पूर्ण निघत नाही. उरलेलं काळं तेल नव्यात मिसळतं. माझं मत, पॅडॉकच बरा.

दहाचा_पाना:
संप पॅडॉकवरच रिकामा केला की. फिल्टर काढून झाल्यावर गाडी परत सरळ करा, राहिलेलं तेव्हा गळेल. प्लग तोवर लावायचाच नाही, ट्रे खालीच.

कोकणी_गिअर:
एक्स-रेची जुनी फिल्म घ्या. पन्हाळीसारखी दुमडून तिची कड झाकणाच्या खाली इंजिनला घट्ट टेकवा, दुसरं टोक ट्रेमध्ये. एक्स-रे नसेल तर दुधाची पिशवी कापून चिकटपट्टीने लावा. एक्झॉस्टवर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. दोन्ही बोल्ट दोन-दोन आटेच सैल करा, झाकण बोटाने हलवून बारीक धार येऊ द्या. ती थांबली की मगच झाकण काढा. फिल्टर पक्कडने चिमटू नका, कागद फाटतो. दाबल्यावर टोकं फाकणारा सर्क्लिप पक्कड मधल्या भोकात घालून फाकवा आणि हळूच ओढा.

जुनी_चेन:
नवीन फिल्टर आधी तेलाने भरून बसवा. नाहीतर पहिल्या स्टार्टला इंजिन कोरडं फिरतं.

कोकणी_गिअर:
आडवा बसणारा फिल्टर भराल कसा? अर्धं तेल मनगटावरून कोपराकडे. कागदाला तेल चोळा, पुरे. पहिलं मिनिट रेस देऊ नका.

दहाचा_पाना:
झाकणाच्या ओ-रिंगकडे, म्हणजे रबराच्या गोल सीलकडे, बघता का? जुनी खाचेत चिकटून राहते, काळ्यावर काळी दिसत नाही, आणि लोक तिच्यावर दुसरी बसवतात. झाकण वाकडं बसतं, गळतं, मग बोल्ट आवळत बसतात. ते एम५ (५ मिमीचे बारीक) बोल्ट, आवळायचा जोर ६ न्यूटन-मीटर बस. जास्त दिलं तर अॅल्युमिनियमचे आटे जातात. लहान टी-पाना दोन बोटांनी फिरवा.

तेल १.७ लिटर लागतं. आधी दीड ओता, मिनिटभर चालवा, बंद करून थोडं थांबा. गाडी सरळ धरून इंजिनवरच्या तेल दाखवणाऱ्या काचेत पातळी बघा आणि बाकीचं थोडंथोडं घाला. मागच्या टायरला तेल लागलंय का, तेही बघा.

किक_मारके:
सांडलंच तर भुसा टाका. गरम एक्झॉस्टवर पेट्रोलचा बोळा फिरवू नका, पेटेल. थंड झाल्यावर पुसा.

कोकणी_गिअर:
काळं तेल फेकू नका हं. दाराच्या चौकटीला लावा, वाळवी लागत नाही.

पंधरा_पन्नास:
घरात लावू नका. वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं. डब्यात भरून, ते गोळा करून परवानाधारकाकडे पाठवणाऱ्या गॅरेजला द्या. गटारात तर मुळीच नको.

फाटका_हातमोजा:
झालं. साइड स्टँड आणि एक्स-रे, फरशीवर तीन थेंब. आणि झाकणाखाली खरंच दोन ओ-रिंग निघाल्या, एक चपटी झालेली. आता एक सांगा, काचेत पातळी वरच्या खुणेच्या जरा वर आहे. काढू की राहू दे?

दहाचा_पाना:
सरळ उभी करून बघितलीत की साइड स्टँडवर?