पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, बंद झाली तेव्हा तुमच्या घरी काय झालं?

रामबागची लेक: काल माळा आवरताना आईची पिशवी सापडली. बाबांच्या जुन्या टेरिकॉटच्या पँटची, तळाला दुहेरी शिवण. ती घेऊन आई इथे इंदूरला राजवाड्याकडे भाजीला निघाली की मी चार पावलं मागे चालायचे, मैत्रिणींच्या हातात रंगीत पन्न्या असायच्या म्हणून. २०१७ मध्ये मध्य प्रदेशात पन्नी बंद झाली तेव्हा आई नव्हती. भाजीवाल्यानं विचारलं, "दीदी, झोला लाए हो?" आणि मी टोमॅटो ओढणीत बांधून घरी आले. वाटेत फार आठवण आली तिची. तुमच्याकडे काय झालं, लिहा ना.

लोकमान्यनगर: पँटची पिशवी!! आमच्याकडे दोन. एक दळणाची, एक भाजीची. अदलाबदल झाली की आजी पीठ चाळत दिवसभर बोलायची.

मल्हारगंजकर: आमचं किराण्याचं दुकान होतं. पन्न्यांचे गठ्ठे पैसे मोजून आणलेले, ते तसेच पडून राहिले. वर एकदा चालान झालं, गल्ल्यातली त्या दिवसाची कमाई गेली. गिऱ्हाईक पन्नी मागायचं, नाही म्हटलं की शेजारच्या दुकानात जायचं. वडील चिडले, पण मग त्यांनीच छताला पुन्हा दोऱ्याचं रीळ टांगलं. कागदाची पुडी बांधून दोरा बोटानं झटक्यात तोडायचे. ते मी लहानपणी पाहिलं होतं, नंतर विसरलोच होतो.

रामबागची लेक: दादा, रीळ अजून आहे?

मल्हारगंजकर: रीळ आहे ताई. वडील गेले.

गाईवाली काकू: आमची गाय पोट फुगून गेली. उघडलं तेव्हा आत पन्न्यांचा पीळ, मधे सुतळी, काय काय. लोक शिळं अन्न गाठ मारून पन्नीत फेकतात, गाईला गाठ सोडता येत नाही, ती सगळंच गिळते. पहिल्या पोटात ते साठत जातं, पुढे सरकत नाही. मला या बंदीबद्दल कुणी वाद घालू नये.

सुदामानगरची सून: काकू 🙏

ऑफिसातून आठला: मला त्रास झाला, खरं सांगते. सकाळी निघताना संध्याकाळी काय घ्यायचं ते ठरलेलं नसतं. दही, पनीर कशात आणणार? आता स्कूटीच्या डिक्कीत स्टीलचा डबा आणि दोन पिशव्या कायम असतात, पण सवय व्हायला वर्ष गेलं. आणि सगळा भार बाईनंच का उचलायचा, घरातले पुरुष अजूनही हात हलवत जातात.

लोकमान्यनगर: +१. आमचे हे परवा कोथिंबीर शर्टाच्या खिशात घालून आले 😄

केमिस्ट्रीवाले सर: एक सांगतो. दुकानात मिळते ती कापडासारखी मऊ पिशवी बहुतेक वेळा कापड नसतेच, नॉन-वोवन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक. कडेचा धागा काढून जाळून बघा, सुती असेल तर राख होते, प्लास्टिक असेल तर वितळून गोळी होते. १ जुलै २०२२ ला देशभर प्लास्टिकचे स्ट्रॉ, चमचे, पेले वगैरे बंद झाले. पिशव्यांचं वेगळं आहे, देशाच्या नियमात त्यांची जाडी बघतात: आधी किमान ५० मायक्रॉन, सप्टेंबर २०२१ पासून ७५, २०२२ च्या अखेरीपासून १२०. जाड असली की दुकानदाराला फुकट देणं परवडत नाही, हे कारण मला पटतं.

सुदामानगरची सून: सर, दुधाच्या पिशवीचं काय? सासूबाई धुऊन दोरीवर वाळवतात.

केमिस्ट्रीवाले सर: छान करतात. कोपरा कापून टाकू नका, चिरा देऊन पिशवीलाच राहू द्या. तो बारका तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही.

गाईवाली काकू: ओल्या कचऱ्यात पन्नी घालू नका एवढंच. तो देवगुराडियाच्या कचरा प्रकल्पात गॅस बनवायला जातो.

छावणी: विषय सोडून विचारते, पोह्यांवर घालायचा जिरावण मसाला घरी करता की विकत? लेकीला पुण्याला पाठवायचंय.

लोकमान्यनगर: घरी. कापडी पुडीत नको, वास उडतो, बरणीच दे.

ऑफिसातून आठला: रामबाग ताई, त्या पिशवीचं माप द्याल? जुन्या पँटी पडल्यात घरात.

रामबागची लेक: देते. एका पायाची एक होते, तळाला शिवण दोनदा. आज हिच्यातूनच पालक आणला.