पिकअपसाठी डिझेल कुठून भरावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पाच आठवड्यांत पिकअपचा डिझेल फिल्टर दोनदा बदलावा लागला, म्हणून हा धागा काढते आहे.

माझी रोपवाटिका आहे आणि पिकअप मीच चालवते. हौद्यात रोपांचे क्रेट, आठवड्याला साधारण सहाशे किलोमीटर धावणं. गाडी सहा वर्षांची, कॉमन रेल इंजिन (एका सामायिक नळीतून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाने डिझेल देणारं), सायलेन्सरच्या लाइनला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. इतक्या वर्षांत तिने कधी वाटेत दगा दिला नव्हता. महिन्यापूर्वी भरलेली गाडी चढावर एकदम ओढेनाशी झाली. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग उतरतच गेला आणि डॅशबोर्डवर फिल्टरचं चित्र, खाली थेंब, असा पिवळा दिवा लागला. कशीबशी गॅरेजपर्यंत नेली.

मेकॅनिकने फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला, काचेच्या बरणीत तेल काढलं आणि बरणी उजेडात धरून मला दाखवली. वर पिवळसर डिझेल, खाली बोटभर पाणी आणि दोहोंच्या मधोमध शेवाळासारखा काळपट, बुळबुळीत पापुद्रा. बरणी हलवली की तो तुटायचा, ठेवली की पुन्हा जमायचा. त्याचं म्हणणं एकच, "पंप बदला." फिल्टर बदलला आणि पुढच्या दोन आठवड्यांतच तो दिवा परत लागला. या खेपेला मी स्वतः मापात धरून पाहिलं, ऐंशी मिलिलिटर पाणी निघालं. त्या दोन आठवड्यांत गाडीत जेमतेम एकशे वीस लिटर डिझेल गेलं असेल.

आता पंप बदलायचा तर कुठला धरायचा? एक घराजवळचा लहान पंप. वर्षानुवर्षं तिथेच भरते, माणसं ओळखीची, पण बहुतेक वेळा दुसरी गाडी नसते. दुसरा हमरस्त्यावरचा मोठा पंप, तिथे ट्रकची रांग हटत नाही. तिसरं म्हणजे यंत्रांचं काम करणारे एक ओळखीचे गृहस्थ पंपापेक्षा बऱ्याच स्वस्तात बॅरलने डिझेल द्यायला तयार आहेत. घाईच्या दिवसांसाठी शेडमागे दोनशे लिटरचा एक ड्रम मी भरून ठेवतेच, तोही त्यांच्याकडून भरून घेता येईल.

महागडं 'प्रीमियम' डिझेल घेतलं तर हा त्रास थांबेल का? आणि पहाटे भरलं तर तेल जास्त मिळतं म्हणतात, ते खरं का? इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) बदलायची वेळ आली तर मला झेपणार नाही, म्हणून अनुभवी लोकांनी मोकळेपणाने सांगावं.

लांबपल्ला:

ताई, जिथे तेल खपतं तिथे भरा. ट्रकवाले रांग लावतात ती उगाच नाही. ज्या पंपाची जमिनीतली टाकी दोन-चार दिवसांत रिकामी होऊन पुन्हा भरते, तिथलं तेल ताजं असतं. जिथे तेच तेल आठवडेच्या आठवडे पडून राहतं, तिथे टाकीच्या मोकळ्या भागात हवा असते, हवेतल्या ओलाव्याचं पाणी होतं आणि ते तळाला साचत जातं.

फक्त मोठ्या पंपावर ट्रकच्या नोजलला गाडी लावू नका. ते जाड असतं, मिनिटाला शंभर लिटरच्या वर तेल फेकतं. पिकअपच्या तोंडात एक तर ते बसत नाही, आणि बसलं तर फेस येऊन सारखं बंद पडतं. लहान गाड्यांचं नोजल बाजूला असतं, ते मिनिटाला चाळीसेक लिटर देतं.

आणखी एक. टँकर टाकी भरत असेल तर पुढचा पंप गाठा. वरून तेल पडताना तळाचा गाळ-पाणी ढवळून निघतं. पंपाचा उपसा तळापासून थोडा वर असतो आणि यंत्राला गाळणीही असते, म्हणून दर वेळी नुकसान होतंच असं नाही. पण मी तरी थांबत नाही.

पाना_१३:

तुम्ही पाणी मोजलंत हे फार चांगलं केलंत. आता हिशोब करून बघा.

युरोपच्या ईएन ५९० मानकात डिझेलमध्ये किलोमागे जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम पाणी चालतं. साठ लिटर डिझेल म्हणजे साधारण ५० किलो. म्हणजे अगदी हद्दीवरचं तेल घेतलं तरी साठ लिटरमागे १० ग्रॅम पाणी, दोन चमचे. एकशे वीस लिटरला चार चमचे, २० मिलिलिटर. त्यातलंही बरंचसं तेलात विरघळलेलं असतं, ते फिल्टरखाली वेगळं होत नाही. तुमच्याकडे ८० निघालं. नुसतं 'तेल जरा खराब आहे' एवढ्याने हे होत नाही, कुठून तरी सरळ पाणी येतंय.

इतकी काळजी का, तर कॉमन रेलमध्ये दाब १६०० ते २००० बार आणि त्याच्याही वर जातो. इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनचीच असते आणि तिथे वंगण म्हणून दुसरं काही नसतं, डिझेलच वंगण. पाणी शिरलं की धातूला धातू घासतो, गंजही चढतो. टोकाला गरम जागी पाण्याची वाफ झाली तर तिथेच मार बसतो.

बरणीतला काळा पापुद्रा म्हणजे जिवाणू आणि बुरशी. ते डिझेल आणि पाणी भेटतात त्या रेषेवरच वाढतात. पाणी नसेल तर वाढत नाहीत. बायोडिझेल मिसळलेलं तेल पाणी जास्त धरतं, म्हणून अशा तेलात हा त्रास लवकर सुरू होतो.

पंपाला दोष द्यायच्या आधी टाकीचं झाकण बघा. रबरी रिंग चिरलेली असेल तर गाडी धुताना किंवा पावसात पाणी तिथूनच आत जातं.

धागाकर्ती:

लगेच जाऊन पाहिलं. झाकणाची रिंग कडक झाली आहे, पण चिरलेली नाही. तरी नवी घालून घेते. आता लहान पंपावर संशय आणखी वाढला. पण ती माणसं चांगली आहेत, पुराव्याशिवाय काही बोलायला मन होत नाही. त्यांच्या टाकीत पाणी आहे की नाही हे गिऱ्हाइकाला कळू शकतं का?

तेलटाकी:

ताई, कळू शकतं. मी पंपावर अनेक वर्षं काम केलं आहे. टाकीत डिप घालायची लांब पट्टी असते. तिच्या खालच्या टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावतात आणि तळाला टेकवून थोडा वेळ धरतात. तेलात तिचा रंग तसाच राहतो, पाण्याला लागली की जिथपर्यंत पाणी तिथपर्यंत रंग बदलतो. चांगला पंप हे रोज बघतो. तुम्ही ओळखीच्या आहात, शांतपणे सांगा की गाडीत पाणी निघालंय, एकदा माझ्यासमोर डिप घालाल का. जो स्वच्छ आहे तो लगेच घालतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे पुन्हा जायचं कारण नाही.

दुसरी तपासणी घनतेची. तरंगमापी आणि थर्मामीटर दोन्ही लागतात, कारण आकडा १५ अंश तापमानावर आणून बघायचा असतो. ईएन ५९० मध्ये सर्वसाधारण डिझेलची घनता घनमीटरला ८१५ ते ८४५ किलो धरली आहे. रॉकेल त्याहून हलकं, मिसळलं की आकडा खाली येतो, शिवाय तेलाचं वंगण कमी होतं आणि गाडीतल्या इंधनपंपाची झीज वाढते.

म्हणूनच तिसरा पर्याय आताच बाजूला ठेवा. ते बॅरल कुठून भरलं, किती दिवस उभं आहे, आधी त्यात काय होतं, यातलं काहीच तुम्हाला कळणार नाही. अनेक देशांत शेती आणि यंत्रांसाठीचं डिझेल मुद्दाम रंगवलेलं असतं, ते रस्त्यावरच्या गाडीत घालणं गुन्हा आहे. आणि तुमच्या गाडीला डीपीएफ आहे. तिला कमी गंधकाचंच तेल लागतं. युरोपात २००९ पासून ही मर्यादा १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) आहे, अमेरिकेत रस्त्यावरच्या डिझेलला १५. जास्त गंधकाचं तेल गेलं तर धुराच्या लाइनमधला कॅटॅलिस्ट (धूर साफ करणारा भाग) खराब होतो. पावती नाही म्हणजे भांडायलाही जागा नाही.

पहाटेचं म्हणाल तर डिझेल एक अंशाला साधारण ०.०८ टक्के फुगतं. साठ लिटरला पाच अंशांचा फरक पडला तरी पाव लिटरच्या आतबाहेर. त्यात टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. तुमच्या सोयीच्या वेळी भरा.

लांबपल्ला:

प्रीमियमबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. त्यात इंजेक्टर साफ ठेवणारी द्रव्यं असतात, बऱ्याचदा सिटेन नंबरही (डिझेल किती सहज पेट घेतं त्याचा आकडा) जास्त असतो. युरोपच्या मानकात सिटेन किमान ५१, अमेरिकेच्या डी९७५ मानकात ४०. त्यामुळे साधं तेल जिथे ४० च्या आसपास मिळतं तिथे थंडीत गाडी सुरू करताना फरक जाणवतो. पण पाण्यावर हा उपाय नाही. ज्या टाकीत पाणी आहे तिथलं प्रीमियमही तेवढंच वाईट.

पाना_१३:

ताई, तुमचा पहिला मजकूर परत वाचला. शेडमागच्या ड्रमचा उल्लेख सगळ्यांच्या नजरेतून सुटला, माझ्याही. तो ड्रम उभा आहे का आडवा? उघड्यावर आहे का? त्यातलं तेल शेवटचं कधी वापरलंत?

धागाकर्ती:

उभा आहे, उघड्यावरच. दोन्ही बुचं घट्ट लावलेली असतात. तेल त्या दोन्ही आठवड्यांत वापरलं होतं, हातपंपाने वीस-पंचवीस लिटर घेतलं असेल. पण बुच बंद असताना पाणी जाईल कसं?

पाना_१३:

ड्रमच्या वरच्या पत्र्याला काठ असतो. पाऊस पडला किंवा रोपांना पाणी मारताना उडालं की काठाच्या आत तळं साचतं आणि बुचं नेमकी त्या तळ्यात बुडालेली असतात. दिवसा ऊन लागलं की आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर जाते. रात्री गार झाली की आत ओढ लागते, पण त्या वेळी बुचावर हवा नसते, पाणी असतं. रोज थोडं थोडं आत जातं. बुच हाताने कितीही आवळलं तरी हे होतं. ड्रम उघड्यावर ठेवायचाच असेल तर आडवा ठेवतात, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे आतून तेलाखाली राहतील अशी.

हातपंपाची नळी तळाला टेकलेली असेल तर तुम्ही प्रत्येक वेळी आधी पाणीच गाडीत भरलंत.

धागाकर्ती:

आज सकाळी पाहिलं. नळी तळाला टेकलेलीच होती. बरणीत पहिला उपसा घेतला तो जवळजवळ सगळं पाणी, गढूळ, आणि त्यात तोच काळा पापुद्रा. दुसऱ्या उपशातही निम्मं पाणी. ड्रमच्या वर बुचाभोवती गंजाची गोल रेघ आहे, पाणी कुठपर्यंत उभं राहायचं ते त्या रेघेवरून स्पष्ट दिसतं. इतकी वर्षं ती रेघ रोज माझ्या डोळ्यांसमोर होती.

दुपारी लहान पंपावर गेले आणि झालेलं सगळं सांगितलं. मी मागायच्या आधीच त्यांनी पट्टी काढली, पेस्ट लावली, डिप घातली. रंग जराही बदलला नाही. एवढे दिवस मनात त्यांना दोष देत होते, म्हणून तिथेच त्यांची माफी मागितली.

त्यांनीच सांगितलं की त्यांच्याकडे टँकर फार दिवसांनी येतो. म्हणून नेहमीचं डिझेल आता हमरस्त्यावर भरणार आहे, तो पंप माझ्या फेरीच्या वाटेवर आहे. अडीअडचणीला लहान पंप आहेच. ड्रम बंद. गाडीच्या टाकीचं काय करू? आणि ड्रममधल्या तेलाचं?

पाना_१३:

टाकी खाली उतरवून धुवून घ्या. नुसतं जंतुनाशक ओतू नका, मेलेला गाळ सुटून पुन्हा फिल्टरमध्येच येईल. टाकी धुतल्यावर नवा फिल्टर, आणि एका आठवड्याने तळाचा स्क्रू सैल करून बरणीत बघा. पाणी आलं नाही तर पुढे महिन्यातून एकदा पुरे. इंजेक्टर आत्ताच बदलू नका. स्कॅनर लावून प्रत्येक सिलिंडरचं इंधन-करेक्शन (संगणक तिथलं इंधन किती कमी-जास्त करतो तो आकडा) आणि इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणाऱ्या रिटर्न लाइनची गळती तेवढी तपासून घ्या. दिवा लागल्या लागल्या तुम्ही गाडी गॅरेजला नेलीत, त्यामुळे ते वाचले असण्याची शक्यता बरीच आहे.

ड्रममधलं तेल गाळून वापरायचा मोह होईल, पण या इंजिनात ते घालू नका. मातीतही ओतू नका, रोपं आहेत तुमची. वापरलेलं ऑइल गोळा करणारे असतात, त्यांना 'पाणीमिश्रित डिझेल' असं स्पष्ट सांगून द्या.

तेलटाकी:

आणि पुढची प्रत्येक पावती गाडीत एका वहीत लावत जा. तारीख, पंप, लिटर, किलोमीटर. पुढे कधी पंपावरून खरंच खराब तेल आलं, तर त्याच दिवशी फिल्टरमधलं तेल स्वच्छ बाटलीत काढून सील करा, अंधारात ठेवा. वही आणि बाटली दोन्ही असतील तर तुमचं म्हणणं ऐकावंच लागतं.

धागाकर्ती:

टाकी परवा उतरवणार आहेत. आठवड्याने बरणीत काय निघतं ते इथेच लिहीन. पाना_१३ दादा, तुम्ही पहिला मजकूर परत वाचलात म्हणून माझे इंजेक्टर वाचण्याची आशा आहे. मनापासून आभार.