मदत हवी आहे: जर्मनीत इंटर्नशिप आणि १४० दिवसांची मर्यादा

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत मास्टर्स करतोय, सध्या सुट्टीत नाशिकरोडला घरी आलोय. एका कंपनीकडून १ जुलै ते ३१ डिसेंबर फुल टाइम इंटर्नशिपची ऑफर आली आहे, पगारी. अडचण अशी की ती अभ्यासक्रमातली सक्तीची नाही, ऐच्छिक आहे. आपल्यासारख्या युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे कॅलेंडर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवसच काम करता येतं, आणि ऐच्छिक असल्यामुळे ती त्यात मोजली जाणार. (मार्च २०२४ च्या आधी १२० होते.) आईच्या कालनिर्णयावर पेनाने खुणा करून मोजलं: सुट्ट्या वगळून १३० च्या आसपास दिवस होतात. शिवाय लायब्ररीत चार-चार तासांचे ४६ दिवस याच वर्षी भरलेत, म्हणजे २३ गेले. गणित फसलं!

विद्यापीठ म्हणतं परदेशी नागरिक कार्यालयाला विचारा, तिथून फक्त ऑटो रिप्लाय. इंटर्नशिप सक्तीची करून मिळेल का विचारलं, नाही म्हणाले. कंपनी तारीख ऑक्टोबरपर्यंत ढकलायला तयार आहे, पण शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

जास्तीच्या दिवसांची खास परवानगी कुणी प्रत्यक्ष मिळवली आहे का, आणि किती आठवडे लागले? की ऑक्टोबर ते मार्च करून दिवस दोन वर्षांत विभागणं शहाणपणाचं?