गावात मुलींसाठी अभ्यासिका हवी आहे, ग्रामपंचायतीच्या कोणत्या निधीतून होईल?

नमस्कार मंडळी,

करवीर तालुक्यातल्या पंचगंगेकाठच्या एका गावातून लिहितेय. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची तयारी करणाऱ्या आमच्या पोरींना अभ्यासिकेसाठी रोज कोल्हापूर गाठावं लागतं. फी वेगळी, आणि संध्याकाळची केएमटी (कोल्हापूर महापालिकेची बस) चुकली की घरात फोनाफोनी. एवढ्याच कारणानं काही घरांनी पोरींचं जाणंच बंद केलंय. हुशार पोरी आहेत हो, जीव तुटतो.

जागा आहे. ग्रामपंचायतीच्याच समाजमंदिराची मागची खोली पडून आहे. पत्रे गळतात, 2021 च्या पुराची ओल अजून कमरेएवढी दिसते, वायरिंग उखडलंय. दुरुस्ती, टेबल-खुर्च्या, पंखे, पुस्तकं, एवढंच लागेल. बचत गटातर्फे विचारलं की उत्तर एकच: "निधी नाही."

म्हणून आम्ही फलकावरचं अंदाजपत्रक (नमुना 1) वहीत उतरवून घेतलं. पैसा आहे, पण बराचसा आधीच वाटून ठेवलेला. केंद्राच्या 15व्या वित्त आयोगाचा (मुदत 2025-26 पर्यंत) 60 टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. ती कामं हवीतच, पुरात राहिलेल्यांना गटारीचं मोल वेगळं सांगायला नको. उरलेला 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा. त्यातून पगार आणि आस्थापना खर्च चालत नाही, पण घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी दिलेल्या 29 विषयांत ग्रंथालय आहे. मग अभ्यासिका त्यात बसायला हवी ना? कुणाच्या गावात केली असेल तर गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात काम कोणत्या नावानं घातलं ते सांगा.

दुसरी वाट स्वनिधीची. स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात (मागासवर्गीयांसाठी 15, दिव्यांगांसाठी 5). आमच्याकडे हे 10 टक्के मार्च आला की साहित्य वाटपात संपतात. घरटी एक डबा मिळण्यापेक्षा ती रक्कम या खोलीत घालावी असं आमचं ठाम मत आहे. पण घरपट्टी थकली की हे 10 टक्केही आटतात. गटातल्या बायका वसुलीसाठी घरोघर फिरायला तयार आहेत. त्या बदल्यात अभ्यासिकेचा ठराव मागणं नियमात बसतं का? आणि दोन्ही निधी एकाच कामाला लावता येतात का, की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो?

तिसरा प्रश्न सगळ्यात घाईचा. पुढच्या वर्षाचा आराखडा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होईल. त्याआधी महिला सभा घ्यायची असते. मागच्या वेळी ती भरलीच नाही, रजिस्टर सह्यांसाठी घरोघर आलं. यंदा सह्या द्यायच्या नाहीत, सभेलाच बसायचं, असं आम्ही ठरवलंय. तिथं झालेला ठराव ग्रामसभेला विषयपत्रिकेवर घ्यावाच लागतो का? नाही घेतला तर तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे करायची की थेट जिल्हा परिषदेच्या ग्रामपंचायत विभागाकडे? आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढल्यावर काम घुसवता येत नाही असं ऐकलंय, म्हणून आत्ताच विचारतेय.

सरपंचांशी भांडण नाही, माणूस ऐकून घेणारा आहे. कागद पक्का हातात असेल तर त्यांनाही सोपं जाईल. अशा ठरावाचा मसुदा कुणाकडे असेल तर गावाचं नाव झाकून इथं टाका. माजी सदस्य, ग्रामसेवक कुणी असतील तर जरूर बोला.