लॉकडाऊनमध्ये घरात घालायला स्वस्तातले, हलके पण जरा बरे दिसणारे कपडे : काय करताय तुम्ही सगळे?

फोंड्याची_चिमणी, २६ एप्रिल २०२०

नमस्कार मंडळी, आज अक्षय तृतीया आणि दरवर्षी या दिवशी निदान एक कॉटनची कुर्ती तरी घेते मी, यंदा सगळंच बंद. मार्चपासून घरूनच काम चालू आहे, पगार निम्मा हातात येतोय, आणि सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत अंगावर तीच ती मॅक्सी, गळा लोंबलेला, रंग गेलेला. ऑफिसचा व्हिडिओ कॉल आला की वर ओढणी गुंडाळून बसते. आमच्या गोव्यातल्या फोंड्याचा उकाडा माहीतच आहे, किनाऱ्याकडे निदान संध्याकाळी वारा तरी सुटतो, इथे घाम पुसता पुसता दिवस जातो. कपाटात लेगिंग्ज आणि घट्ट कुर्त्या ढीगभर, पण त्या घरात घालवतच नाहीत. ऑनलाइनवाले सध्या फक्त गरजेच्या वस्तू देतायत.

सासूबाई म्हणतात कोण बघायला येणार आहे तुला. बरोबर आहे हो, पण मी स्वतः बघते ना आरशात! बजेट म्हणाल तर ५०० रुपये, त्यातही काही वाचले तर उत्तम. शिवणाचं मशीन नाही, सुईदोरा चालवता येतो. काय करू सांगा.

—

डिचोलीची_काकू

अगो, ५०० पण नको खर्च करू. सासूबाईंना नाहीतर आईला विचार, जुनी सुती साडी असेलच, मऊ झालेली, नेसवत नाही आणि टाकवतही नाही अशी. तिचे दोन कफ्तान, म्हणजे सैल झगे, होतात. मी माझ्या लेकीला हेच शिवून दिलंय, ती दिवसभर त्यातच असते.

नीट सांगते. पहिल्यांदा फॉल उसवून काढ आणि साडी खिडकीत उजेडासमोर धरून बघ, जिथे निऱ्या खोचतो आणि जिथे आपण बसतो तिथे कापड विरलेलं असतं, आरपार दिसतं, तो भाग शक्यतो वगळ नाहीतर मागच्या बाजूला घे. पदराकडचं कापड सगळ्यात धड असतं. साडी साडेपाच मीटर. तुझी उंची मध्यम धरली तर खांद्यापासून पोटरीपर्यंत ४६ इंच, त्याच्या दुप्पट आणि दुमडायला दोन इंच, म्हणजे ९४ इंचाचा एक तुकडा. असे दोन निघून वर थोडं उरतं. साडीची रुंदी तीच कफ्तानची रुंदी, त्यामुळे काठ आपोआप दोन्ही हातांवर येतात आणि फार सुंदर दिसतात, वेगळी लेस लावायचं काम नाही.

तुकडा मधोमध दुमड, घडी खांद्यावर. आता गळा. इथे घाई करू नको. मध्यापासून दोन्हीकडे साडेतीन इंच, पुढे सहा इंच खोल, मागे जेमतेम एक. आधी थोडा लहानच काप, डोकं घालून बघ, मोठा कधीही करता येतो. गळ्याला उरलेल्या कापडाची तिरकी पट्टी लाव, सरळ कापलीस तर ती वळणावर चुण्या घालते. मग नितंबाचं माप घे, त्याचा चौथा हिस्सा अधिक दोन इंच, तेवढं मध्यापासून दोन्हीकडे मोजून खडूने उभी रेघ मार आणि त्या रेघेवर टीप घाल, खांद्याच्या घडीखाली दहा इंच सोडून सुरू करायची आणि गुडघ्यापाशी थांबायची. हाताने करणार असशील तर नुसता धावदोरा नको, उलटी टीप घाल, म्हणजे प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे नेऊन पुढे काढायची, नाहीतर काखेत पहिल्याच आठवड्यात उसवेल. उरलेल्या तुकड्याचे मास्क शिव, तेही हवेच आहेत सध्या.

—

मांडवीकाठचा_बाबू

काकू तुम्ही ग्रेट आहात. पुरुषांसाठी माझा सल्ला एका ओळीचा, लुंगी. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी, मॅनेजर खूश आणि मीपण खूश, फक्त कॉल चालू असताना दारात पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला तर उठायचं नाही, पाव गेला तर गेला.

आणि एक, सध्या काजूचे दिवस आहेत. कुळागरात किंवा परसात जाणार असाल तर फिकट रंगाचं काहीही घालू नका, काजूच्या बोंडाचा रस पडला की तो डाग कपड्याबरोबरच म्हातारा होतो. आईने माझा एकुलता एक पांढरा कॉटनचा कुर्ता आता पायपुसणं म्हणून घोषित केलाय.

—

धागादोरा

काकूंनी शिवण सांगितलं, मी कापडाचं सांगतो, माझा तोच धंदा आहे. सुती कापड हवेतून आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा घेतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही, म्हणून घाम अंगावरच चिकटून राहतो. पण गोव्यात नुसतं कॉटन आहे म्हणून भागत नाही. हवेतच इतका दमटपणा की जाड कॉटन भिजलं की सुकतच नाही, जीन्ससारखं जड होऊन बसतं. इथे कापड पातळ पाहिजे, मलमल, व्हॉइल असलं, आणि सैल पाहिजे म्हणजे आत हवा खेळते. रेयॉन मऊ आणि स्वस्त असतं, घामही शोषतं, पण ओलं असताना कमजोर होतं, तेव्हा धुताना पिळू नका, आणि पहिल्या धुण्यात आटतं हे धरूनच माप घ्या.

जुन्या साडीत भेसळ आहे की नाही कळत नसेल तर कडेचे दोन धागे ओढून चिमट्यात धरून जाळून बघा. जळक्या कागदाचा वास आणि हातात चुरगळणारी राख म्हणजे सुती. वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, ती साडी पडद्याला वापरा.

खळ मात्र घालू नका हं, दमट हवेत अंगाला चिकटते आणि पावसाळ्यात कपाटात कसर लागते ती वेगळी.

—

स्पष्टवक्ता_मडगाव

लोकांचे रोजगार गेलेत, मजूर रस्त्याने चालत गावी निघालेत आणि इथे गळा साडेतीन इंच की चार यावर चर्चा. असेल तो कपडा घालून गप बसावं असं माझं मत.

—

डिचोलीची_काकू

भाऊ, तुमचं दुःख खरं आहे. पण ती पोरगी जुन्या साडीतून काहीतरी करतेय, कुणाच्या ताटातलं ओढत नाही. आणि घरात जी बाई सगळ्यांचं तिन्ही त्रिकाळ करते तिने बावळट गबाळंच दिसावं असा काही सरकारी आदेश निघालेला नाही अजून.

—

तांबडी_चौकट

मी वाचत होते नुसतं पण आता राहवलं नाही. आपल्याकडची कुणबी साडी आठवा, तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांची, पोटरीपर्यंत आखूड नेसायची, खांद्यावर गाठ मारायची आणि शेतात उतरायचं. पूर्वी तर चोळीही नसायची. याच्याइतका या हवेला शोभणारा पेहराव दुसरा कुठला? विणणारे हात संपत आले होते, कोलवाळच्या फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सनी ती परत लोकांसमोर आणली, आत्ता १२ फेब्रुवारीलाच गेले बिचारे. त्यांचे कपडे माझ्या ऐपतीच्या बाहेरचे, कधी घेतले नाहीत, पण सैल कापड आणि अंगाला हवा लागू द्यायची हे त्यांना जेवढं कळलं होतं तेवढं गोव्यात राहून घट्ट लेगिंग्ज घालणाऱ्या आपल्याला कळलं नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

चिमणे, साडी फिकी पडली असेल तर रंग दे तिला. चहाची पावडर उकळून, गाळून, त्यात तुरटी टाकून कापड भिजव, छान बदामी रंग येतो, घरगुती रंग असून बऱ्यापैकी टिकतो. हळदीच्या नादी लागू नको, पहिल्या दिवशी झक्क दिसते आणि दोन उन्हं लागली की उडून जाते.

—

फोंड्याची_चिमणी, ८ मे

काकू, झाला!! सासूबाईंनीच ट्रंकेतून काढून दिली साडी, निळी, बारीक चौकड्यांची, तांबडा काठ, आणि मी गळा कापत असताना अशा चेहऱ्याने बसल्या होत्या की मलाच कापरं भरलं, पण अंगात घातल्यावर म्हणाल्या दुसरा मला शिव. आता तो शिवतेय. उलट्या टिपेने बोटं दुखली पण एक शिवण उसवलेली नाही. काल कॉलवर मैत्रिणीने विचारलं कुठून घेतलास, मी म्हटलं डिझायनर आहे, डिचोलीची. खर्च दोऱ्याचं रीळ आणि खडू, बस. ४ तारखेपासून ग्रीन झोन, म्हणजे कोरोनाचे रुग्ण नसलेला भाग, म्हणून दुकानं उघडली आहेत आणि कुरियरही येतंय, पण घरात ७५ वर्षांच्या सासूबाई आहेत म्हणून बाजारात जायची हिंमत होत नाही अजून, आणि खरं सांगू, उरलेले पैसे खर्चावेसेही वाटत नाहीत.

फक्त एकच राहिलं, खिसा! फोन कुठे ठेवू? टिपेच्या बाहेर कापड सुटं आहे तिथे खिसा बसेल का?

—

डिचोलीची_काकू

तिथे नको, सुटं कापड फोनच्या वजनाने ओढलं जाईल आणि खांदा एका बाजूला घसरेल. टिपेच्या आत, मांडीच्या वर, सात बाय सहाचा तुकडा वरून लाव, तोंडाची कड दोनदा दुमडून. आतून एक जुन्या कापडाचं अस्तर दे, मलमल असेल तर नक्की दे. दोन्ही वरच्या कोपऱ्यांना चार-चार टाके एकावर एक घाल, तिथेच फाटतो. सासूबाईंच्याला खिसा कडेच्या शिवणी घालायच्या आधीच लाव, कापड सपाट असताना सोपं जातं, आणि त्यांचा थोडा वर घे, बसताना चष्मा मोडायला नको.